मीठ राखणाऱ्या ग्रंथीची कुळकथा

दौंड तालुक्यात मुठा कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढतो आणि हंगाम लागला की बीड-अहिल्यानगरकडच्या टोळ्या कोयते घेऊन फडात उतरतात. हंगाम मार्चपर्यंत लांबला की वाळलेल्या घामाचे पांढरे पट्टे कपड्यांवर उमटतात. एवढं मीठ अंगातून जाऊनही माणूस कोसळत नाही. कारण दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅमची एकेक अधिवृक्क ग्रंथी असते आणि ती घामातलं, लघवीतलं मीठ अडवून धरते.

या राखणीचा एक माग उन्हातच लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात डॉ. जेरोम कॉन उष्ण, दमट हवेत सैनिक तग कसा धरतो हे अभ्यासत होते. उन्हाची सवय होते तसतसं घामातलं मीठ कमी होत जातं, हे त्यांना दिसलं. यामागे अधिवृक्क ग्रंथीचा स्राव असावा, असा त्यांचा तर्क होता. तो स्राव १९५३ मध्ये लंडनच्या सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी बाझलच्या राइखश्टाइन यांच्या गटाबरोबर गुरांच्या ग्रंथींच्या अर्कातून शुद्ध रूपात वेगळा काढला. तोच अल्डोस्टेरॉन.

पुढच्याच वर्षी कॉन यांच्यासमोर ३४ वर्षांची एक बाई आली. सात वर्षं तिला पेटके येत, पायातली ताकद अधूनमधून जाई. रक्तदाब वाढलेला, रक्तातलं पोटॅशियम फार कमी. घामाचा अभ्यास केलेल्या माणसाला यात अल्डोस्टेरॉनचा अतिरेक दिसला. कॉन यांनी दोन्ही ग्रंथी काढायचं ठरवलं होतं. पण शस्त्रक्रियेत उजव्या ग्रंथीवर चार सेंटिमीटरची गाठ सापडली. गाठ काढली आणि बाई बरी झाली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घटना वाटते. जन्मभराचा समजला जाणारा बीपीचा आजार एका ऑपरेशनने हटू शकतो, हे तिथे दिसलं.

एरवी मीठ किंवा पाणी कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं आणि त्या साखळीतून ग्रंथीला हुकूम पोहोचतो. त्या बाईला झालेल्या, पुढे कॉन यांचंच नाव मिळालेल्या आजारात हुकमाविनाच अल्डोस्टेरॉन वाहत राहतं. मीठ आणि पाणी साठतं, दाब चढतो, पोटॅशियम लघवीवाटे जातं. रेनिन मात्र दबलेलं राहतं. म्हणून अल्डोस्टेरॉन आणि रेनिन एकत्र मोजून त्यांचं गुणोत्तर पाहतात. ही रीत १९८१ पासून रूढ होत गेली. त्याआधी पोटॅशियम घसरलेलं दिसलं तरच हा आजार मनात यायचा. प्रत्यक्षात बऱ्याच रुग्णांचं पोटॅशियम व्यवस्थित असतं, त्यामुळे कितीतरी जण निसटून गेले. बीपीच्या दर शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना हा आजार असू शकतो; तीन-तीन औषधांनाही दाद न देणाऱ्यांत तर सुमारे वीस जणांना.

असे रुग्ण सापडायला आधी गावात दाब मोजला जायला हवा. दौंडशेजारच्या शिरूर तालुक्याच्या वढू बुद्रुक परिसरात पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजींच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकापासून ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच मुली-बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. दंडाला पट्टा बांधून दाब मोजणं अशा कामातून घराच्या ओट्यापर्यंत आलं. रेनिनची तपासणी मात्र अजून ओट्यापर्यंत आलेली नाही. २०२५ मध्ये अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीने बीपीच्या प्रत्येक रुग्णाची या आजारासाठी चाचणी व्हावी, अशी शिफारस केली. दौंड-शिरूरमध्ये निदान तिशीतच बीपी लागलेल्याने, तीन गोळ्यांनीही दाब न उतरणाऱ्याने आणि पोटॅशियम कमी निघालेल्याने डॉक्टरांकडे ही तपासणी मागावी, असं मला कळकळीने वाटतं. एकाच ग्रंथीत दोष असेल तर ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढता येते. दोन्हींत असेल तर स्पायरोनोलॅक्टोन आहे: अमेरिकेत १९६० मध्ये मान्यता मिळालेली, अल्डोस्टेरॉनची वाट अडवणारी, मेडिकलमध्ये सहज मिळणारी गोळी.