मत्स्यसाठा-मापन
समुद्रातील मासे मोजता येत नाहीत. प्रतिदर्शावरून त्यांच्या साठ्याचे अनुमान करतात. मुंबईत १९४६ मध्ये खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र स्थापन झाले. १९८३ मध्ये त्याचेच भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण झाले. ओढजाळे तळावरून जितक्या क्षेत्रावर फिरते, त्या क्षेत्रफळाने पकडीस भागून घनता काढतात व ती सर्वेक्षित क्षेत्रास लावतात. थव्याने राहणाऱ्या अंटार्क्टिक क्रिलसाठी ध्वनीच्या प्रतिध्वनीचा उपयोग करतात. तेथील सागरी जीवसंपत्तीच्या संरक्षण-आयोगाचा भारत १९८६ पासून सदस्य आहे. ससून गोदीत उतरणारी पकड मात्र साठ्याचे थेट माप नव्हे. नौका व मासेमारीचे तास वाढल्यानेही पकड वाढते. म्हणून ती या श्रमाने भागून पाहिली नाही, तर वाढत्या आकड्यांआड साठ्याचा ऱ्हास दडून राहतो.