सायकल कॅलिफोर्नियाची, वाट वेल्सची

माउंटन बाइकची कुळकथा विचारली की बोट हटकून कॅलिफोर्नियाकडे जातं. सायकलपुरतं ते बरोबरच आहे. मरिन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावरून २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही हौशी मंडळींनी जाड टायरच्या जुन्यापान्या सायकली शर्यत म्हणून खाली सोडल्या. दोनेक मैलांत तेराशे फुटांची उतरण. उलटं पॅडल मारलं की लागणारा ब्रेक इतका तापायचा की मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या खेपेआधी हब उघडून ते नव्याने भरावं लागे. शर्यतीला 'रीपॅक' हे नाव त्यावरूनच पडलं. पुढच्याच वर्षी जो ब्रीझने या कामासाठी खास सांगाडा बनवला, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकलींचा धंदा थाटला, आणि १९८१ मध्ये 'स्टंपजंपर' ही माउंटन बाइक दुकानांत आली.

पण ही मंडळी ज्या रस्त्यावरून सुटली तो वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला होता. सायकल नवी, वाट मात्र उसनी. सायकली वाढल्या तशी पायी फिरणाऱ्यांशी आणि घोडेस्वारांशी खडाजंगी सुरू झाली, आणि वाटांवर 'सायकलींना मनाई'च्या पाट्या लागल्या. त्यातून १९८८ मध्ये माउंटन बाइकस्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना 'इम्बा' उभी राहिली. बाइकचा इतिहास सांगणारे इथवर रंगून सांगतात. वाटेचा इतिहास खरा इथून सुरू होतो, आणि त्यासाठी अटलांटिक ओलांडून वेल्सला जावं लागतं.

डोलगेथ्लाई गावाच्या उत्तरेला 'कोएड अ ब्रेनिन' नावाचं सरकारी जंगल आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची चणचण भासली, म्हणून १९१९ मध्ये वनआयोग स्थापन झाला आणि ठिकठिकाणी सूचिपर्णी झाडांच्या लागवडी झाल्या. त्यांतलंच हे एक. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ मध्ये त्याला हे नाव मिळालं. नव्वदच्या दशकात डाविद डेव्हिस नावाच्या तिथल्या वनरक्षकाच्या डोक्यात आलं, की लाकडाच्या ट्रकचे रस्ते सायकलस्वारांना दाखवत बसण्यापेक्षा फक्त सायकलीसाठीच वाट का बांधू नये? स्वयंसेवक हाताशी धरून, पदरी फारसा पैसा नसताना, त्यांनी ती बांधली. पहिल्या मोठ्या वाटेला एका शीतपेय कंपनीचा पैसा आणि नाव मिळालं. खास बांधलेल्या वाटांचं ब्रिटनमधलं पहिलं केंद्र ते हे.

वाट बांधायची म्हणजे मुळात पाण्याशी भांडण. चाकाने माती दाबली जाते, त्या चरीतून पावसाचं पाणी धावतं आणि दोन हंगामांत वाटेचा ओढा होतो. पावसाळ्यात गडाची सरळसोट पायवाट चढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वेल्समध्ये तर बारमाही पाऊस. म्हणून मऊ जागी जंगलातलेच दगड आणून सोलिंग केलं. दगडाचा लांबट भाग जमिनीत, वर फक्त तोंड. एकाला एक खेटून, आणि फटींत बारीक खडी ठोकलेली. सायकलस्वाराला ते खडबडीत लागतं, पण तीच तर मजा! ऊन-पावसात पुरणारी वाटही तीच.

उतारावरचा हिशेब पुढे इम्बाने नियमात बसवला. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगर वीस टक्के उताराचा असेल तर वाट दहा टक्क्यांच्या आत ठेवायची, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेनेच चालू लागतं. शिवाय वाट दरीच्या अंगाला किंचित कललेली हवी, आणि मधूनमधून ती उतरता उतरता जराशी चढली पाहिजे. त्या खोलग्यात पाणी बाहेर पडतं. स्वाराला तिथे गंमतशीर हेलकावा मिळतो. तो मुळात गटाराचा जोडधंदा आहे, हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

पुढचा प्रसार भराभर झाला. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांना लाळ्या-खुरकुताची साथ आली, गावं ओस पडली; त्याच सुमारास दक्षिण स्कॉटलंडमध्ये सात जंगलांत अशा वाटा काढायचं ठरलं. प्रत्येक ठिकाणी एक कोरीव दगड, म्हणून नाव 'सेव्हन स्टेन्स'. स्कीच्या उतारांसारखी हिरवी, निळी, लाल, काळी अशी प्रतवारीही वाटांना लागली.

गॅरी फिशरचं नाव सायकलींवर झळकलं; डेव्हिसचं नाव वाटा बांधणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. माझ्या मते या खेळावर दोघांचं ऋण सारखंच आहे. आणि त्या जंगलाची आजची स्थिती? मार्च २०२५ अखेर, खर्च परवडत नाही म्हणून, कोएड अ ब्रेनिनच्या अभ्यागत केंद्रातलं उपाहारगृह आणि दुकान सरकारी यंत्रणेने बंद केलं. वाटा मात्र खुल्या ठेवल्या आहेत.