दिशाभूल करणारी वस्तुवर्णने (ऑनलाइन बाजारपेठा)

ऑनलाइन बाजारपेठेत विक्रीस मांडलेल्या मालाचे शीर्षक, छायाचित्र, परिमाण, किंमत, उगमस्थान अथवा ग्राहकांचे अभिप्राय यांपैकी एखादा तपशील असत्य, अपुरा किंवा बुद्धिपुरस्सर संदिग्ध ठेवून गिऱ्हाइकास खरेदीस प्रवृत्त करणारी नोंद. विक्रीस मांडलेल्या मालाच्या कोणत्याही नोंदीस व्यापारात ‘लिस्टिंग’ म्हणतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये असे वर्णन ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ व ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन्ही सदरांत येऊ शकते.

स्वरूप : पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक कापडाचा पोत बोटांनी चाचपते, भांडे वाजवून पाहते, तांदूळ तळहातावर घेऊन त्यातली कणी निरखते, आणि मगच दराची घासाघीस सुरू करते, ऑनलाइन खरेदीत या सर्व परीक्षा संपुष्टात येऊन विक्रेत्याने लिहिलेल्या मजकुरावर विसंबण्यावाचून त्यास गत्यंतर उरत नाही. वर्णनावरून होणाऱ्या विक्रीत माल त्या वर्णनाशी जुळता असलाच पाहिजे, ही अट मालविक्री अधिनियम, १९३० याच्या १५ व्या कलमाने करारात गृहीत धरलेली आहे. ऑनलाइन बाजारपेठेतली बहुतेक प्रत्येक विक्री याच जातीची असल्यामुळे तेथे वर्णनातील खोटेपणा हा जाहिरातीतला अलंकार ठरत नसून कराराचाच भंग ठरतो.

प्रकार : सर्वांत रूढ प्रकार नावाच्या आडोशाने होतो. शीर्षकात ‘पैठणी सिल्क साडी’ ही अक्षरे ठळकपणे झळकतात, चित्रात पदरावरचे मोर दिमाखाने उभे असतात, आणि पानाच्या तळाशी कापडाच्या रकान्यात मात्र ‘आर्ट सिल्क’, म्हणजे कृत्रिम रेशीम, एवढीच त्रोटक नोंद असते. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी विणीतच उतरलेली असल्याने तिचा पदर उलट बाजूनेही सुलट बाजूसारखाच दिसतो व पाठीमागे सुटे धागे लोंबत नाहीत. पदराची उलट बाजू न दाखवणाऱ्या विक्रेत्याकडे तिचे छायाचित्र मागणे हे म्हणूनच शहाणपणाचे होय. या फसवणुकीत केवळ ग्राहकच नागवला जातो असे नाही. एकेका पैठणीसाठी मागावर आठवडेच्या आठवडे खपणाऱ्या येवल्याच्या विणकरास आपल्या श्रमांचे मोल सांगणेही अवघड होऊन बसते.

दुसरा प्रकार आकड्यांचा. पॉवर बँकेवरील १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतील घटाच्या ३.७ व्होल्ट दाबावर मोजलेला असतो. ही ऊर्जा ३७ वॉट-तास भरते, आणि ५ व्होल्टवर बाहेर पडताना तिचे गणिताने ७,४०० व रूपांतरातील घट वजा जाता त्याहूनही कमी मिलिअँपिअर-तास होतात. हा हिशेब लिहून ठेवणारा उत्पादक प्रामाणिक असतो, लपवणारा नसतो. याहून घातक फसवणूक खोट्या क्षमतेच्या पेन ड्राइव्हची : त्यातील नियंत्रक चिपच्या आज्ञावलीत फेरफार करून संगणकास प्रत्यक्षाच्या कितीतरी पट क्षमता भासवली जाते, खरी जागा भरल्यावरही फायलींची नावे यादीत दिसत राहतात, परंतु आतील मजकूर कायमचा नष्ट झालेला असतो, गेलेले पैसे एखाद्या वेळी परत मिळतात, गेलेली छायाचित्रे व दस्तऐवज मिळत नाहीत.

तिसरा प्रकार अभिप्रायांच्या अपहाराचा होय. एका वस्तूस लाभलेले चांगले अभिप्राय त्याच पानावर भिन्न वस्तू ‘उपप्रकार’ म्हणून जोडून तिच्या नावे खपवले जातात. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनवर या रीतीने पूरक आहाराची उत्पादने विकल्याच्या प्रकरणी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ‘द बाउंटिफुल कंपनी’स ६ लाख डॉलर भरावयास लावले. भारतात अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले; मात्र ते ऐच्छिक स्वरूपाचे ठेवण्यात आले.

चौथा प्रकार वस्तूचा हेतूच झाकण्याचा. मोटारीतील सीट बेल्टचा इशारा बंद पाडणाऱ्या क्लिपा काही विक्रेत्यांनी बाटली उघडण्याचे साधन किंवा सिगारेट लायटर या मिषाने विक्रीस ठेवल्या होत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच कंपन्यांविरुद्ध आदेश काढल्यानंतर, मे २०२३ मधील शासकीय निवेदनानुसार, अशा १३,११८ नोंदी हटवण्यात आल्या. जानेवारी २०२४ मध्ये ‘श्रीराम मंदिर अयोध्या प्रसाद’ या नावाने साधी मिठाई विकली जात असल्याच्या तक्रारीवरून याच प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनला नोटीस बजावली. श्रद्धेच्या विषयात भाविकास शहानिशेची सवयच नसते, म्हणून ही दिशाभूल विशेष निंद्य समजली पाहिजे.

कायदा : ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम जुलै २०२० मध्ये अमलात आले. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहू नयेत, वर्णन मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी सुसंगत असावे, तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिन्याभरात व्हावे, अशी तजवीज त्यांत आहे. आवेष्टित मालाचे निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता इत्यादी तपशील संकेतस्थळावरही दाखवणे वैध मापनाच्या नियमांनी बंधनकारक केले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल प्राधिकरणास १० लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा कसूर झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूत्रांनी खोटी घाई निर्माण करण्यासारखे तेरा फसवे प्रघात निषिद्ध ठरवले.

मंचाचे उत्तरदायित्व : आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, मजकूर विक्रेत्याचा आहे, ही मंचांची नेहमीची कैफियत माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या, मध्यस्थास दायित्वापासून संरक्षण देणाऱ्या ७९ व्या कलमावर आधारलेली असते. विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्या मंचास हे संरक्षण आपोआप मिळत नाही, असे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी म्हटले. २०२० मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने दुसऱ्या खटल्यात सक्रिय व निष्क्रिय हा भेद अमान्य केला. या वादात प्रेशर कुकरचे प्रकरण उद्बोधक आहे. सक्तीच्या मानकाचे पालन न करणारे २,२६५ कुकर अ‍ॅमेझॉनवरून विकले गेले व त्यांच्या विक्रीतून कंपनीस ६ लाख १४ हजारांहून अधिक रुपये शुल्क मिळाले. प्रत्येक विक्रीतून लाभ घेणाऱ्यास आपली जबाबदारी झटकता येणार नाही, अशी भूमिका घेऊन प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये १ लाख रुपये दंड ठोठावला आणि ग्राहकांना पैसे परत करण्याचा हुकूम दिला. दंडाची रक्कम अल्प असली, तरी त्यामागील न्यायतत्त्व मोलाचे आहे.

तक्रार व पुरावा : विक्रेता एका रात्रीत मजकूर बदलू शकतो; म्हणून खरेदीच्या वेळच्याच पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट, बिल व वेष्टन जपून ठेवावे. प्रथम मंचाकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर, व त्यापुढे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे फिर्याद करावी. विक्रेता दूरच्या प्रांतातला असला तरी हा हक्क अबाधित राहतो, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क पडत नाही. तथापि पुरावा राखण्याचे हे सारे ओझे चारशे रुपयांच्या वस्तूसाठी सामान्य माणसावर टाकणे न्याय्य नव्हे. प्रत्येक वर्णनात केव्हा, कोणी व काय बदल केला याचे दप्तर मंचापाशी असतेच. तक्रार येताच ते ग्राहकापुढे व आयोगापुढे रुजू करणे कायद्याने सक्तीचे झाले, तर खोटे लिहिणाऱ्याची वाट बरीचशी बंद होईल.