म्युनिक, लिनक्स आणि लेटरहेडची भानगड

लिनक्सवर जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पण मग वर्डचं काय?" हाच प्रश्न एका अख्ख्या महापालिकेसमोर उभा राहिला होता, आणि तो सोडवायला तिला दहा वर्षं लागली. शहर जर्मनीतलं, म्युनिक.

साल 2003. म्युनिक महापालिकेकडे 14 हजारांच्या आसपास कॉम्प्युटर होते, विंडोज एनटी 4 वर चालणारे. मायक्रोसॉफ्ट त्याचा सपोर्ट बंद करणार होती, त्यामुळे बदल तर करावा लागणारच होता. शहर लिनक्सचा विचार करतंय हे कळल्यावर मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला आले. सवलतही देऊ केली. तरी मे 2003 मध्ये सभागृहाने कौल दिला लिनक्सला. प्रकल्पाचं नाव पडलं 'लिमक्स'.

आता रोजचे प्रोग्राम. ब्राउझरसाठी फायरफॉक्स, मेलसाठी थंडरबर्ड, फोटोसाठी गिंप. इथवर फार काही अडत नाही. ऑफिससाठी होतं ओपनऑफिस, आणि गंमत म्हणजे ते मूळचं जर्मनच. मार्को ब्योरिस नावाच्या मुलाने शाळकरी वयात, 1985 मध्ये, स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली होती. 1999 मध्ये ती अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिच्या स्टारऑफिसचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्यातून ओपनऑफिस आलं. पुढे सन कंपनी ओरॅकलकडे गेली, तेव्हा 2010 मध्ये बरेच डेव्हलपर बाहेर पडले आणि लिबरऑफिस सुरू झालं. आज तुम्ही उबुंटूवर जे पत्र टाइप करता, त्याचं मूळ हे असं आहे.

मग अडलं कुठे? पत्र लिहिण्यात नाही, तर पत्राच्या साच्यात. महापालिकेत वीसेक वेगवेगळे आयटी विभाग होते आणि प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र. प्रत्येक खात्याचं लेटरहेड वेगळं, फॉर्म वेगळे, आणि त्यामागे कुणीतरी कधीतरी वर्डमध्ये लिहून ठेवलेले मॅक्रो. अशा हजारो फाइली! त्यातली कुठली अजून वापरात आहे, हेच आधी शोधावं लागलं. मराठीत याचा अनुभव आपल्याला वेगळ्या रूपात आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडून बघा: फाइल उघडते, पण दिसतात फक्त इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला.

म्युनिकच्या लोकांनी यावर स्वतःचंच सॉफ्टवेअर लिहिलं, वोलमक्स. ओपनऑफिसला जोडायचं, ते खात्याप्रमाणे लेटरहेड आणि कर्मचाऱ्याची माहिती पत्रात आपोआप भरायचं. जर्मन भाषेत 'अंडी, लोकर आणि दूध देणारी डुकरीण' अशी एक थट्टेतली कल्पना आहे, म्हणजे एकटीच सगळं करणारी. नाव त्यावरूनच. 2008 मध्ये त्याचा कोडही खुला केला. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. तयार पर्याय नव्हता, तर पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी तो बनवला!

2013 पर्यंत बहुतेक सगळे कॉम्प्युटर लिनक्सवर आले. 2014 मध्ये महापौर बदलले, डीटर रायटर आले, आणि तक्रारींचा सूर वाढला. बाहेरच्या कार्यालयांकडून वर्डच्या फाइली यायच्या, त्यांची मांडणी इकडे विस्कटायची. 2017 मध्ये सभागृहाने पुन्हा विंडोजवर जायचं ठरवलं. मधल्या काळात, 2016 मध्ये, मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय उपनगरातून म्युनिक शहरात आलं होतं, त्यामुळे लोकांनी हवे ते तर्क केले. मला खरं कारण त्याहून कंटाळवाणं वाटतं: आयटीचा कारभार विखुरलेला होता, आणि प्रिंटर बिघडला तरी बोल लिनक्सला लागायचे.

एक मात्र झालं. 2024 मध्ये उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होलश्टाइन राज्याने सुमारे 30 हजार कॉम्प्युटरांसाठी अशीच घोषणा केली. तिथे सुरुवात लिबरऑफिसपासून झाली, मग आउटलुक काढून थंडरबर्ड आलं. विंडोज काढण्याचा नंबर त्यानंतरचा.