देवमाशाचं तेल आणि बाबांची गाडी

हा भाग जसा बोललो, तसाच लिहून काढलाय.

गोष्ट यवतमाळची, आमच्याच घरची. बाबांनी रिटायर झाल्यावर सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली, लाखभर किलोमीटर चाललेली. मागच्या मे महिन्यात एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "काका, मशीन लावून गिअरबॉक्सचं सगळं तेल बदलून देतो, तासाभराचं काम." आठ दिवसांनी बाबांचा फोन. "काऊन रे, ॲक्सिलरेटर दाबलं तं इंजिन नुसतं बोंबलते, गाडी पुढं जातच नाही!"

मी कोड लिहिणारा माणूस. बिघाड दिसला की मागे मागे खोदत जायची सवय. खोदत गेलो आणि थेट देवमाशापाशी पोचलो.

1939 मध्ये जनरल मोटर्सनं 'हायड्रामॅटिक' हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, 1940 च्या ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी. 1949 मध्ये त्याच कंपनीनं अशा गिअरबॉक्सच्या तेलासाठी 'टाइप ए' हे मानक ठरवलं. आपल्याकडे जेमतेम वर्षभर आधी, 1 जून 1948 ला, एसटीची पहिली बस अहमदनगरहून पुण्याला निघाली होती. आपले मेकॅनिक घडले ते असल्या हातानं गिअर टाकायच्या गाड्यांवर.

तिकडच्या त्या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळायचे. कारण ऑटोमॅटिकमध्ये तेल नुसतं वंगण नसतं. तेच दाब पोचवतं, तेच उष्णता वाहून नेतं, आणि क्लच प्लेटनं किती घसरायचं, कधी पकडायचं हेही तेच ठरवतं. 1970 मध्ये अमेरिकेनं हा देवमासा धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातला. मग रसायनतज्ज्ञांना पर्यायी रेसिपी शोधत बसावं लागलं. तेव्हापासून एक गोष्ट पक्की आहे: हे तेल म्हणजे गिअरबॉक्सचा एक पार्टच आहे, आणि प्रत्येक कंपनीचा पार्ट वेगळा.

आता मशीन कशाला आलं? खालचा नट उघडला तर साधारण निम्मंच तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. मशीन कूलरच्या पाइपला जोडतात, नवं तेल आत, जुनं बाहेर. कल्पना चांगली आहे. पण दाब जास्त झाला तर तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकू शकतो. पॅन न उघडता काम उरकलं तर फिल्टर जुनाच राहतो, आणि चुंबकाला किती लोखंडी चुरा चिकटलाय हेही दिसत नाही. मशीनमध्ये आधीच्या गाडीचं तेल उरलं असेल तर ते तुमच्या गाडीत जातं. शिवाय तेल तापलं की फुगतं, म्हणून लेव्हल कंपनीनं सांगितलेल्या तापमानालाच बघायची. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात अंदाजपंचे नाही.

बाबांच्या गाडीचा पॅन दुसरीकडे उघडला, तर तेल चुकीच्या ग्रेडचं आणि चुंबकावर जाड थर. प्लेट आधीच झिजल्या होत्या की मशीननं त्यांचा शेवट केला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गॅरेजवाल्याचंही म्हणणं तेच होतं. पण आधी पॅन उघडला असता तर निदान कळलं तरी असतं. सॉफ्टवेअरमध्ये अपडेट फसलं तर रोलबॅक करता येतो. इथं नाही. लाखाच्या वरचं कोटेशन समोर आलं, तेव्हा बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे एएमटी असेल. 2014 च्या सेलेरिओपासून ती आपल्याकडे पसरली. तो आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. त्याला हे मशीन लागतच नाही. कुणी आग्रह केला तर सरळ गाडी बाहेर काढा.

बाकीच्यांनी तीनच प्रश्न विचारा. तेल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं आहे का? पॅन आणि फिल्टर उघडणार का? लेव्हल कोणत्या तापमानाला बघणार? उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेच उत्तर समजा.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, आज घरी फोन करून गाडीचं मॅन्युअल कुठं ठेवलंय तेवढं विचारा.