दोन संमेलने आणि एक त्रिकोण

यवतमाळला १९७३ साली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी ग. दि. माडगूळकर होते. २०१९च्या जानेवारीत ते तेथे पुन्हा भरले, तेव्हा त्या जागी अरुणा ढेरे होत्या. या ४६ वर्षांत मराठी वाङ्मयात पुष्कळ उलथापालथी झाल्या. त्यांतील एक फारसा गाजावाजा न होता घडली, आणि तीही सर्वांच्या ओळखीच्या प्रेमाच्या त्रिकोणात.

हा त्रिकोण आपल्याला नवा नाही. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांनी कॉलेजातल्या तरुणतरुणींना प्रेमात पाडले, तेव्हापासून तो घरोघरी पोचला. एक नायिका, दोन नायक, आणि वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावणारा एकच प्रश्न: ती कोणाची होणार? पण ज्या मुलीचे मन मुलीतच गुंतते, किंवा ज्या मुलाचे मुलात, त्यांना या आकृतीत कोठे कोनच नव्हता.

तो विजय तेंडुलकरांनी दिला. त्यांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. दिग्दर्शन विनय आपटे यांचे, आणि मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, वातावरण कॉलेजचे. लाजरा बापू सुमित्रावर, म्हणजे मित्रावर, जीव लावतो. मित्राचा जीव नमावर. आणि नमाच्या आयुष्यात मन्या दळवी आहे. खरे मर्म असे की, ही गोष्ट सांगतो बापू. ज्याच्या प्रेमाला उत्तर मिळणे शक्य नाही, त्यालाच तेंडुलकरांनी साक्षीदार केले. बिचकलेला प्रेक्षक बापूचे बोट धरून मित्राच्या दुःखापर्यंत जातो. मात्र बापूची सोबत तिला पुरी पडत नाही. मित्रा आत्महत्या करते.

पुढे २५ वर्षांनी, २००६ साली, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही छोटेखानी कादंबरी आली. वयाच्या विशीतच त्यांनी ती लिहिली होती. पुण्यातले मध्यमवर्गीय घर, घरात भाड्याने राहायला आलेला एक चित्रकार तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेली दोघे भावंडे, तनय आणि अनुजा. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. पुढे तो तिलाही सोडतो. तिच्या दुःखाची घरादाराला निदान खबर तरी असते. तनयचे दुःख त्याच घरात, त्याच जेवणाच्या पंगतीत बसलेले असते, आणि तरी ते कोणाला दिसत नाही. येथे कोणी बापू नाही. अर्धी कादंबरी तनय स्वतः बोलतो, अर्धी अनुजा. मित्राची गोष्ट दुसऱ्याने सांगितली होती, तनय आपली आपणच सांगतो. आणि मित्रा मरते, तनय जगतो. पाव शतकात मराठी लेखणीने कापलेले अंतर ते एवढे.

या दोन्ही कृती आल्या तेव्हा १८६०च्या दंडसंहितेतले ३७७वे कलम जसेच्या तसे उभे होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे संबंध त्यातून वगळले. यवतमाळचे दुसरे संमेलन त्यानंतर चारच महिन्यांनी भरले. कायद्याच्या पुष्कळ आधी साहित्याने हे दार किलकिले केले होते, याचा मराठी वाचकाने अभिमान बाळगायला हरकत नाही.

या दोन्ही गोष्टी पुणेरी असल्या, तरी तनयचे घर पुण्यातच असते असे थोडेच आहे? पुसद, वणी, दारव्हा, कोठल्याही गावी, फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या माणसांत समलिंगी प्रेमाचे गुपित मनात दडवून बसलेला एखादा मुलगा वा मुलगी असू शकते. आपल्या घरी दिवाळी अंक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो. अशी गोष्ट वाचून आजी, काका वा वहिनी काय बोलतात, इकडे त्या मुलाचे कान लागलेले असतात. तेव्हा थोरांनी थट्टेचा शब्द काढण्यापूर्वी घटकाभर थांबावे. मित्राला एक बापू पुरला नाही. घरात दोनचार असले तर पुरतील.