दोन द्वारपाल आणि एका झडपेचे दार

चांद्रवर्ष सरत आले की दारावरची, उन्हापावसाने विटलेली चित्रे खरवडून काढायची आणि त्याच जागी नवी डकवायची, ही चीनमधील शतकानुशतकांची रीत. या चित्रांना ‘निएनहुआ’, म्हणजे वर्षारंभाची चित्रे, असे म्हणतात. लाकडी ठशांवरून छापलेली ही स्वस्त चित्रे शेतकऱ्याच्या दारासाठी, चुलीसाठी आणि झोपण्याच्या खोलीसाठी तयार होत. त्यांचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे.

यातील सर्वांत परिचित जोडी द्वारपालांची. तांग वंशाचा सम्राट ताइझोंग (कारकीर्द इ. स. ६२६ ते ६४९) याला भुताखेतांमुळे झोप येईना, तेव्हा चिन शुबाओ आणि युची गोंग हे दोन सेनापती रात्रभर दाराशी पहारा देत उभे राहिले. पुढे त्यांच्याऐवजी त्यांची चित्रेच दारावर लागली, अशी आख्यायिका आहे. दाराच्या दोन झडपांवर हे दोघे एकमेकांकडे तोंड करून असतात. पाठीला पाठ लागणे अशुभ. चुलीवरच्या देवाची तऱ्हा निराळी. वर्षाच्या अखेरच्या महिन्यात, २३ किंवा २४ तारखेला, तो घरातल्यांचा अहवाल घेऊन स्वर्गात जातो. त्याने गोडच बोलावे म्हणून त्याच्या ओठांना मध किंवा चिकट मिठाई लावतात आणि मग चित्र जाळून त्याला निरोप देतात. मासा कवटाळलेल्या गुबगुबीत बाळाच्या चित्रात श्लेष आहे. चिनी भाषेत ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या शब्दांचा उच्चार एकच, त्यामुळे हे चित्र म्हणजे दरवर्षी घरात काही उरो, ही इच्छा.

ठसे बहुधा नासपतीच्या लाकडाचे असतात. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागतो. ठशाला रंग लावून त्यावर कागद पसरायचा आणि कोरड्या कुंच्याने घासायचा, एवढेच. यंत्र लागत नाही. थिएनचिनजवळच्या यांगलिउचिंग येथे रेषा छापून चेहरे हाताने रंगवतात, तर हनान प्रांतातील चुशिएनचेन येथे रंगही ठशांनीच उमटतात. सुचौचे ताओहुआवू, शानतुंगमधील यांगजियाबू, सिचुआनमधील मिएनचू आणि दक्षिणेकडील फोशान ही इतर नामांकित केंद्रे.

१९४९ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या सरकारने फर्मान काढून देवांच्या जागी कामगार, शेतकरी आणि भरघोस पिके आणली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६ ते १९७६) जुने ठसे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. या शतकाच्या आरंभी लेखक फेंग जित्साय यांच्या पुढाकाराने उरलेल्या ठशांची व कारागिरांची देशभर नोंद झाली. २००६ मध्ये जाहीर झालेल्या ५१८ राष्ट्रीय वारशांच्या पहिल्या यादीत वरील सर्व केंद्रे होती. वारसा जपला गेला हे खरे. पण संग्रहालयातल्या काचेमागचे चित्र दरवर्षी बदलावे लागत नाही, आणि कारागिराची चूल त्या बदलण्यावरच पेटत होती.

फोशानची चित्रे स्थलांतरितांच्या मागोमाग आग्नेय आशियातही पोचली. त्या भागातील सिंगापूरमध्ये आज तीन चतुर्थांश रहिवासी चिनी वंशाचे आहेत आणि बहुसंख्य कुटुंबे सरकारी सदनिकांत राहतात. या सदनिकांना लोखंडी जाळीआड एकाच झडपेचे दार असते. समोरासमोर उभ्या राहणाऱ्या द्वारपालांना तेथे जागाच नाही. गॅसच्या शेगडीवर चुलीच्या देवाचीही अडचण होते. शिवाय १९८९ पासून प्रत्येक इमारतीत वांशिक समूहांचे प्रमाण ठरलेले असल्याने शेजारच्या दाराला आंब्याच्या पानांचे तोरण, तर पलीकडे ईदची रोषणाई असू शकते. अशा मजल्यावर देवांपेक्षा मासा, बाळ आणि ‘फू’ हे सौभाग्याचे अक्षर सहज सामावतात. तीही आता बहुधा यंत्रावर छापलेली, चकचकीत लाल कागदावरची असतात.

द्वारपाल पाहायचे तर तेथील तेलोक आयर रस्त्यावरच्या, १८४२ मध्ये पूर्ण झालेल्या थिआन हॉक केंग मंदिरात जावे. तेथे दारांना अजून दोन झडपा आहेत. मात्र त्यांवरचे द्वारपाल छापलेले नसून रंगवलेले आहेत.